प्रार्थना आणि पहारा

अभ्यासपाठ : दवाखान्यातील सुई आणि एचआयव्हीची भीती
वाचनासाठी शास्त्रभाग : नहेम्या ४:७-९, लेवीय १३:१-६, मार्क ५:२५-३४, योहान ९:१-३



झाशी हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ल्याचा तट, १८५८ चा वेढा आणि राणी लक्ष्मीबाईंचे धैर्य उभे राहते. नेवाळकरांच्या अमदानीत अनेक मराठी कुटुंबे त्या नगरीत जाऊन स्थायिक झाली. पुढे रेल्वे आली. झाशी विभाग २००३ पर्यंत मुंबईस मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता, त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तेथे जाणे-येणे सुरूच राहिले. आजचा पाठ धैर्याविषयीच आहे. मात्र तटावर तलवार घेऊन उभे राहण्याचे ते धैर्य नव्हे. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सामान्य माणसाला जे लहानसे धैर्य लागते, त्याचा आपण विचार करणार आहोत.

झाशीच्या रेल्वे वसाहतीत राहणारे एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब डोळ्यांपुढे आणा. घरातील कर्त्या पुरुषाची दाढ दुखू लागली. बाजारातील दवाखान्यात ती काढली, हिरडीत सुई टोचली, थोडे रक्त आले. तो घरी परतला, जेवला, प्रार्थना करून निजला. आणि मध्यरात्री दचकून उठला. डॉक्टरांनी सुई नवी घेतली होती काय? चिमटा उकळला होता काय? आपल्या आधी त्या खुर्चीवर कोण बसले होते? तिसऱ्या दिवशी घसा दुखू लागला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. तो पत्नीला काही सांगत नाही. मुलांना जवळ घेत नाही. उपासनेला येतो, पण मन तेथे नसते. एक चाचणी करतो, ती निर्दोष येते. पंधरा दिवसांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसरी करतो. उद्या खरोखरीच शस्त्रक्रियेची गरज पडली, तर तो दवाखान्याची पायरी चढेल काय?

वाचकहो, ही कल्पित व्यक्ती आहे. परंतु असे चिंतातुर जीव आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना आपण सहसा दोन उत्तरे देतो. एक, "विश्वास ठेवा, काही होणार नाही." दुसरे, "उगाच काहीतरी डोक्यात घेता." पहिल्या उत्तरात विश्वास दिसतो, पण सत्याची चौकशी नाही. दुसऱ्यात व्यवहार दिसतो, पण करुणा नाही. पवित्र शास्त्र तिसरी वाट दाखवते. यरुशलेमेच्या भिंतीवर शत्रू चाल करून येणार अशी वार्ता आली, तेव्हा नहेम्या व त्याच्या सोबत्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. प्रार्थना केली म्हणून त्यांनी पहारा वगळला नाही. आणि पहारा बसवला म्हणून भिंत बांधण्याचे काम थांबवले नाही. या तीन गोष्टी एकत्र कशा ठेवाव्यात, हाच या पाठाचा विषय आहे.

१. ही भीती निराधार आहे काय?

प्रथम प्रामाणिकपणे कबूल करू की ही भीती हवेतून आलेली नाही. १९८१ साली अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. १९८६ साली चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन व डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कार्यामुळे भारतातही एचआयव्हीची लागण असल्याचे उघड झाले. १९८९ साली पुण्यात पैशासाठी प्लाझ्मा देणाऱ्या व्यक्तींमध्ये ही लागण पसरल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका दंतवैद्याकडून रुग्णाला लागण झाल्याचे प्रकरण पुढे आले; अखेरीस अशा रुग्णांची संख्या ६ झाली. ते नेमके कसे घडले हे कधीच निश्चित झाले नाही. तथापि दंतवैद्याच्या खुर्चीविषयीची जगभरची धास्ती त्या घटनेने फार वाढवली.

झाशी ज्या उत्तर प्रदेशात आहे, त्याच राज्यातील घटना याहून बोलकी आहे. कानपूरच्या पलीकडे, गंगेच्या दुसऱ्या तीरावर उन्नाव जिल्हा आहे. तेथील बांगरमऊ परिसरात २०१८ च्या आरंभी आरोग्य खात्याने तपासणी शिबिरे घेतली, तेव्हा ४० हून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. सायकलवरून फिरून स्वस्तात इंजेक्शने देणाऱ्या एका बनावट डॉक्टराने एकच सिरिंज अनेकांना वापरली, असा संशय चौकशीत पुढे आला व त्याला अटक झाली. अशा मनुष्याला उत्तरेत 'झोलाछाप' म्हणतात, आपल्याकडे बोगस डॉक्टर. कंबोडियातील रोका गावी २०१४ साली आणि पाकिस्तानातील रातोडेरो येथे २०१९ साली असेच घडले. रातोडेरो येथील बाधितांत बहुसंख्य लहान मुले होती. मूल तापले म्हणून आईने विश्वासाने दवाखान्यात नेले, आणि तेथून हा आजार घरी आला.

शास्त्रालाही हे दुःख ठाऊक आहे. मार्ककृत शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री आठवा. बारा वर्षे ती वैद्यांच्या दारी फिरली, जवळचे सारे खर्चून बसली, उपचारांनी अधिकच कष्टी झाली. उपचार करणाऱ्यांच्या हातूनही इजा होऊ शकते, हे शुभवर्तमानकाराने लपवले नाही. मग आपण ते का लपवावे? परंतु हेही ध्यानात घ्या की या घटना जगाच्या कानी आल्या त्या असामान्य होत्या म्हणून. त्यांत समान काय होते? वापरलेली सिरिंज, पुन्हा पुन्हा, निष्काळजीपणे, रक्तासह. धोका तेथे आहे. तो ओळखला की पहारा कोठे बसवावा हे कळते.

२. धोका कोठे आहे आणि कोठे नाही

एचआयव्ही हा विषाणू शरीराबाहेर दुबळा आहे. रक्त उघड्यावर सुकले की त्याची लागण करण्याची शक्ती झपाट्याने घटते, आणि उष्णतेने तो नष्ट होतो. म्हणून खुर्चीचा हात, दाराची कडी, बाकावरील जुना डाग, डॉक्टरांचा स्पर्श, शेजारच्या रुग्णाचा खोकला, डास, एका ताटातील जेवण किंवा प्रभुभोजनाचा प्याला यांतून तो येत नाही. रक्तदाब मोजण्याने, क्ष-किरण चित्र काढण्याने, छाती तपासण्याने त्याची लागण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सिरिंजची गोष्ट वेगळी. तिच्या पोकळीत राहिलेले रक्त सुकत नाही, आणि तेथे हा विषाणू बराच काळ तग धरू शकतो. येथे एक मुद्दा अवश्य लक्षात ठेवावा : नुसती सुई बदलून तीच सिरिंज वापरणे सुरक्षित नव्हे. सुई आणि सिरिंज दोन्ही नवी हवीत. अनेक मात्रांच्या औषधाच्या बाटलीत वापरलेली सुई बुडवली, तर पुढचे सारे औषधही दूषित होऊ शकते.

तरीही धोक्याचे माप पाहा. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई एखाद्या परिचारिकेच्या बोटात चुकून घुसली, तरी लागण होण्याचे प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. आणि आपल्या देशातील प्रौढांमध्ये एचआयव्ही असलेल्यांचे प्रमाण हजारी सुमारे २. म्हणजे सुई जुनी असणे, ती आधी नेमकी अशाच व्यक्तीला वापरलेली असणे, तिच्यात ओले रक्त असणे आणि त्यानंतर लागण होणे, इतक्या कड्या एकामागून एक जुळाव्या लागतात. एखाद्या दवाखान्यात रोजच एकच सिरिंज फिरत असेल, तर त्या कधीतरी जुळतात. उन्नावचा धडा तो हाच. जेथे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते, तेथे साखळीची पहिली कडीच तुटते.

रक्त घेण्याविषयी व देण्याविषयी पुष्कळ गोंधळ आहे. रक्तदान केल्याने एचआयव्ही होत नाही. दात्यासाठी पिशवी व सुई नवी असते. रक्त घेताना मात्र प्रश्न असतो तो त्या रक्ताचा. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांविषयी महत्त्वाचा निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. तरीही धोका शून्य नाही. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशभरात २,२३४ जणांनी आपणास रक्त घेतल्याने एचआयव्ही झाल्याचे सांगितले होते. त्यांत उत्तर प्रदेशातील ३६१ आणि महाराष्ट्रातील २७६ होते. हे आकडे रुग्णांच्या सांगण्यावर आधारलेले होते, हे विसरू नये. परंतु ते दुर्लक्षिण्याजोगेही नाहीत. म्हणून रक्त आवश्यक तेव्हाच घ्यावे, आणि ते परवानाधारक रक्तपेढीतूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट चिंतातुर मनाच्या नजरेतून नेहमी निसटते. दूषित सुईतून एचआयव्हीपेक्षा अधिक सहज पसरतात ते ब आणि क प्रकारच्या कावीळीचे विषाणू. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात ब प्रकारच्या कावीळीने अनेकांचे प्राण घेतले, आणि पुन्हा वापरलेल्या सिरिंजकडे बोट दाखवले गेले. ब कावीळीवर लस आहे. रात्र रात्र एचआयव्हीच्या भीतीने जागणाऱ्या किती जणांनी ती घेतली आहे? भीतीला माप नसते ते असे. ती एकाच कोपऱ्यात दिवा धरून बसते आणि उरलेले घर अंधारात ठेवते.

३. पहारा कसा ठेवावा

भारतातील इंजेक्शनांच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. देशात वर्षाला सुमारे ३ अब्ज इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतील सुमारे ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या कारणाने असुरक्षित असतात, असे त्यात आढळले. असुरक्षित म्हणजे प्रत्येक वेळी रोगाची लागण, असे नव्हे. पण त्या अभ्यासातून दुसरेही सत्य पुढे आले : यांतील पुष्कळशी इंजेक्शने अनावश्यकच होती. साध्या तापाला गोळी पुरत असताना रुग्णच सुईचा आग्रह धरतो, आणि डॉक्टर त्याला नाराज करीत नाहीत. झाशीत १९६८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु बुंदेलखंडातील खेड्यातून तेथवर जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून दारात येणारा झोलाछाप जवळचा वाटतो. विदर्भातील वा मराठवाड्यातील खेड्यांची स्थिती फार निराळी नाही.

यास्तव पहाऱ्याचे पाच नियम सांगतो.

पहिला : "गोळीने भागेल काय?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. जे इंजेक्शन घेतलेच नाही, त्याचा धोकाही नाही.
दुसरा : सुई व सिरिंजचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर उघडण्यास सांगा. साखरेच्या तपासणीसाठी बोटाला टोचतात, ती टोचणीही नवी असावी.
तिसरा : दात काढताना वा लहान शस्त्रक्रियेच्या वेळी उपकरणे दाबयुक्त वाफेवर निर्जंतुक केली आहेत काय, हे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.
चौथा : वापरलेली सुई लगेच नष्ट होते की नाही, ते पाहा. ती उघड्या कचऱ्यात जात असेल, तर तो आपल्या शेजाऱ्याला धोका आहे.
पाचवा : नोंदणीकृत वैद्याकडेच जा, आणि मोलकरणीला व गावाकडच्या नातलगांनाही हे समजावून सांगा.

काही जण म्हणतील, डॉक्टरांना असे विचारणे उद्धटपणाचे नाही काय? विश्वासणाऱ्याला हे शोभते काय? सैतानाने आपल्या प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा प्रभूने ते नाकारले. देवाची परीक्षा पाहणे म्हणजे विश्वास नव्हे, हे त्याने दाखवून दिले. शिवाय अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधणाऱ्याला छताला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, जेणेकरून कोणी पडून मरू नये. कठडा बांधणारा मनुष्य भित्रा नसतो; त्याला शेजाऱ्याच्या जिवाची किंमत कळलेली असते. आपण विचारलेल्या एका प्रश्नाने आपल्यामागे रांगेत बसलेल्या, विचारण्याचे धैर्य नसलेल्या गरीब बाईचेही रक्षण होते. झाशीच्या नावाला साजेसे लहानसे धैर्य म्हणतात ते हेच.

४. तपासणी आणि तिचा शेवट

समजा, पहारा चुकला. सुई जुनी होती असे मानण्यास खरे कारण आहे. मग काय करावे? चिंता करीत घरी बसू नये. ताबडतोब सरकारी रुग्णालयात जावे. लागण टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधयोजना असते. ती शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. ती आवश्यक आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. त्यानंतर चाचणी. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ती विनामूल्य व गोपनीय असते. विषाणू शरीरात शिरल्यावर काही काळ चाचणीत दिसत नाही, म्हणून लगेचची चाचणी पुरेशी नसते. तीन महिन्यांनंतरची चाचणी निर्दोष आली, तर त्या घटनेपुरता विषय संपला. आणि दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणाऱ्या घशाविषयी सांगायचे, तर लागण झालेल्यांना आरंभीची लक्षणे दिसलीच तर ती सहसा २ ते ४ आठवड्यांनी दिसतात. शिवाय तशी लक्षणे शेकडो साध्या आजारांतही असतात. लक्षणांवरून निदान होत नाही, चाचणीवरून होते.

येथे लेवीय पुस्तकातील तेरावा अध्याय वाचावा. आपण तो बहुधा घाईने उलटतो. एखाद्याच्या त्वचेवर चट्टा दिसला, तर त्याने याजकाकडे जावे. याजक पाहतो. शंका असेल तर सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो. तरीही शंका असेल तर आणखी सात दिवस थांबतो. आणि नंतर निर्णय देतो : हा मनुष्य शुद्ध आहे. मग तो मनुष्य वस्त्रे धुतो आणि आपल्या लोकांत परत जातो. या विधीत केवढी करुणा आहे! संशयाला तेथे मुदत आहे, तपासणीला क्रम आहे, आणि निर्णयाला शेवट आहे. निर्णय देण्याचे काम त्या भयभीत मनुष्याकडे सोपवलेले नाही. त्याने स्वतःच रोज आरशात चट्टा पाहत बसावे, अशी आज्ञा नाही. निर्णय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा असतो आणि स्वीकारायचा असतो.

प्रिय वाचका, आपण एक चाचणी केली, योग्य मुदतीनंतर केली, ती निर्दोष आली. आणि तरीही आपण तिसरी, चौथी, पाचवी करीत असाल, तर आपल्याला आणखी एका अहवालाची गरज नाही. प्रत्येक अहवाल दोन दिवस शांती देतो आणि तिसऱ्या दिवशी नवी शंका जन्मते. हा मनाचा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे. दाढ दुखते तेव्हा आपण दंतवैद्याकडे जातोच की. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि एचआयव्हीविषयी १०९७ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकांवर बोलता येते.

कधी कधी या भीतीच्या तळाशी सुई नसतेच. तेथे असतो जुना अपराध. अनेक वर्षांपूर्वीचे एखादे पाप, कोणाला न सांगितलेले. आणि मन सतत शिक्षेची वाट पाहत असते. सुईचे निमित्त होते आणि मन म्हणते, आली ती शिक्षा. असे असेल, तर जे प्रभूजवळ मागायचे ते प्रयोगशाळेत मागू नका. पापाची क्षमा रक्ताच्या अहवालात मिळत नाही. ती कृपासनाजवळ मिळते, आणि एकदाच दिलेली ती क्षमा पुन्हा पुन्हा तपासावी लागत नाही.

५. भीतीचा दुसरा बळी

आतापर्यंत आपण भिणाऱ्याचा विचार केला. ज्याला लोक भितात त्याचाही विचार करू.

गोव्यातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा ख्रिस्ती तरुण नियमित रक्तदाता होता. रक्तदानासारख्या साध्या, परोपकाराच्या कृतीतूनच त्याला एचआयव्ही असल्याचे उघडकीस आले. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला म्हापशाच्या एका वापरात नसलेल्या क्षयरोग इमारतीत ६४ दिवस एकाकी डांबून ठेवले गेले. त्याने कोणता गुन्हा केला होता? कोणताही नाही. त्याची आई लूसी डिसोझा हिने उच्च न्यायालयात धाव घेतली. मित्र व वकील उभे राहिले, आणि तो घरी परतला. पुढे त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी गोव्यात संस्थेची पायाभरणी केली. मे १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्या ६४ दिवसांत गोवा अधिक सुरक्षित झाला काय? एकही सुई त्यामुळे निर्जंतुक झाली नाही. उलट, तपासणी केली तर तुरुंग मिळतो, हे लोकांना कळले. भीतीने माणूस कोंडला की रोग लपतो, आणि लपलेला रोगच पसरतो. आज कायदा निराळा आहे. एचआयव्ही व एड्स विषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून चाचणी करणे, एखाद्याची स्थिती उघड करणे, नोकरी, शाळा वा उपचार नाकारणे यांस त्याने मनाई केली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधेही विनामूल्य मिळू लागली. नियमित औषधे घेणारा मनुष्य दीर्घ आयुष्य जगतो. रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही.

कायदा बदलला, मन बदलले काय? दवाखान्याच्या सुईला भिणारा मनुष्य पुष्कळदा नकळत म्हणतो, "मी तर काही वाईट केले नाही, मला का व्हावे?" या वाक्यात एक न्यायनिवाडा दडलेला आहे. ज्यांना लागण झाली आहे, त्यांनी काहीतरी वाईट केलेच असणार, असा तो निवाडा. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी असाच प्रश्न केला होता : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो हिशेबच नाकारला आणि त्या मनुष्याच्या जीवनात देवाचे कार्य प्रकट होणार आहे, याकडे शिष्यांची नजर वळवली. डॉमिनिकला लागण कशी झाली, हे आपण विचारू नये. उन्नावच्या गावकऱ्यांना कशी झाली, हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून त्यांना अधिक प्रेम देऊ नये. ख्रिस्ताच्या मेजाभोवती 'निर्दोष रुग्ण' आणि 'दोषी रुग्ण' अशा दोन रांगा नसतात.

६. सुई धरणारे हात

आपल्या समाजाविषयी एक शब्द बोलल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून किती मराठी ख्रिस्ती घरांतील लेकींनी परिचारिकेचा पांढरा वेश परिधान केला आहे! झाशीपासून चेन्नईपर्यंतच्या रुग्णालयांत त्या सेवा करतात. आपण सुईखाली एकदा हात धरतो आणि महिनाभर भितो. त्या दिवसातून अनेकदा दुसऱ्याच्या रक्ताजवळ हात नेतात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालताना बोटाला टोचते, ते त्यांच्याच. खरा धोका मोजायचा तर खुर्चीवर बसलेल्यापेक्षा शेजारी उभी असलेली भगिनी अधिक धोक्यात असते. आणि तरीही ती रुग्णाला परत पाठवीत नाही.

या भगिनींना व बंधूंना आमची विनंती आहे : हातमोजे मिळत नसतील तर ते हक्काने मागा, सुरक्षित कामाची जागा पुरवणे हे संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे. ब कावीळीची लस घ्या. सुई टोचली तर लाजून लपवू नका, त्याच तासाला कळवा. आणि रुग्णाने पाकीट पाहू मागितले, तर रागावू नका. त्याच्यासमोर ते फोडा. आपल्या हातातील त्या पाकिटाचा आवाज कित्येकांना रात्रीची झोप परत देतो.

समारोप

वाचकहो, झाशीत संत ज्यूड यांचे प्रसिद्ध तीर्थस्थान आहे. ज्यांची आशा खुंटली असे अनेक जण तेथे प्रार्थनेला जातात, आणि दरवर्षी २८ ऑक्टोबरच्या सणाला तेथे मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीत सुईच्या भीतीने झुरणारा मनुष्य असेल, आणि खरोखरीच एचआयव्हीसह जगणारा मनुष्यही असेल. कदाचित ते खांद्याला खांदा लावून उभे असतील. पहिल्याने दुसऱ्याला ओळखले, तर तो दूर सरकेल काय? तो सरकला नाही, तर त्याच्या प्रार्थनेचे अर्धे उत्तर त्याला तेथेच मिळाले, असे समजावे. कारण जेथे प्रीती पूर्णतेस येते, तेथे भीतीला राहण्यास जागा उरत नाही, ही योहानाच्या पहिल्या पत्राची शिकवण आहे.

म्हणून पहारा ठेवा. तो नेमका जेथे हवा तेथेच ठेवा. प्रार्थना करा, पण प्रार्थनेला अज्ञानाचे पांघरूण करू नका. आणि भिंतीचे काम, म्हणजे घर, नोकरी, मंडळी व शेजाऱ्याची सेवा, थांबू देऊ नका.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्याने प्रार्थना, पहारा आणि काम या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या. आजाराच्या भीतीत आपण यांपैकी कोणती गोष्ट प्रथम सोडून देतो?
२. आपल्या गावातील दवाखान्यात सुई व सिरिंज नवी वापरली जाते काय? हे नम्रपणे विचारण्याची जबाबदारी मंडळी म्हणून आपण कशी घेऊ शकतो?
३. लेवीय १३ मधील याजक निर्णय देऊन संशय संपवतो. चिंतेने ग्रासलेल्या बंधूला निर्णय स्वीकारण्यास आपण कसे साहाय्य करू शकतो?
४. एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती आपल्या मंडळीत आली, तर ती आपली स्थिती निर्भयपणे सांगू शकेल काय? नसेल, तर आपल्यात काय बदलले पाहिजे?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमचे शरीर तुझ्या हातची घडण आहे, हे आम्ही जाणतो. जेथे सावध राहायला हवे तेथे आम्हांस सावध कर; जेथे भीती व्यर्थ आहे तेथे तिच्यापासून सोडव. जे रात्री जागून आपल्याच नाडीवर बोट ठेवून बसले आहेत, त्यांना झोप दे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने ज्यांना आजार जडला, त्यांना न्याय व आधार दे. जे रुग्णांची सेवा करतात त्यांचे हात सांभाळ. आणि ज्याला जग दूर लोटते, त्याच्या शेजारी बसण्याचे धैर्य आम्हांस दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.